सूप कुणावर सांडलं

मामा सिनेमागृहात ढसाढसा रडला, अशी इमारतभर बातमी होती. का रडला हेही इमारतीला पाठ होतं: सिनेमात त्याचं काम होतं, ते कापलं. बातमीला जिन्यागणिक पाय फुटत गेले. तळमजल्यावरून ती निघाली तेव्हा मामाचं काम दोन मिनिटांचं होतं. दुसऱ्या मजल्यावर त्याला चार संवाद मिळाले. गच्चीवर, कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी पोचेपर्यंत नायिकेनं त्याचा हात हातात घेतला होता. शेजारच्या शिवणवाल्या काकू नाकातून लांब श्वास ओढून सांगायच्या, "अहो, नवा कोट शिवायला टाकला होता त्यांनी, पोस्टरवर यायचं म्हणून." कोट त्यांच्याकडे गेला होता हे खरं. तो मामाचा कामावरचा कोट होता आणि त्याची दोन बटणं तुटली होती.

मामाची भाची या सगळ्या आवृत्त्या आवाजासकट करून दाखवते. वय पंधरा, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. एकदा ऐकलेला माणूस ती दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर आणून बसवते, म्हणून घरात तिचं नाव टेप. काकूंचा नाकातला श्वास, शाळेतल्या मास्तरांचं 'काय आहे की', आईचं फोनवरचं गोड बोलणं आणि फोन ठेवल्यावरचं कडू, सगळं तिच्या पोतडीत. मामाची नक्कल तर हुकमी. मान अर्धा इंच वाकवायची, पापण्या खाली, आणि हलकेच म्हणायचं, "सूप गरम आहे, साहेब." घरातले पोट धरून हसतात. मामाही हसतो.

तर खरं एवढंच की मामा रडला. बाकी सगळी इमारतीची कलाकुसर. सिनेमात त्याचं काम नव्हतंच, तेव्हा कापायचा प्रश्न येत नाही. काम मिळता मिळता राहिलं, ही गोष्ट वेगळी, आणि तिचं त्याला दुःख नव्हतं, हसू होतं.

मामा एकतीस वर्षं एकाच हॉटेलच्या जेवणाच्या दालनात वेटर आहे. बावीस टेबलं, पांढरे टेबलक्लॉथ, आणि भिंतीवर एक भलंमोठं गोल घड्याळ. ते चार मिनिटं पुढे आहे आणि कुणी ते नीट लावत नाही, कारण रेंगाळणारे पाहुणे त्यामुळे वेळेवर उठतात. लाकडी जमिनीतल्या दोन फळ्या करकरतात. मामाचा पाय त्यांच्यावर कधी पडत नाही. तो कधी आला कळत नाही, कधी गेला कळत नाही, समोरची प्लेट तेवढी बदललेली असते. म्हणून आतले लोक त्याला बोका म्हणतात. हे नाव मुख्य आचाऱ्यानं ठेवलं. आचारी आवाजानं मोठा, पोटानं त्याहून मोठा, मामाचा सव्वीस वर्षांचा मित्र. मैत्री टिकवायची त्याची रीत म्हणजे रोज सकाळी एक ताजा टोमणा.

मामाच्या कामाला नियम आहेत आणि ते कुठे लिहिलेले नाहीत. प्लेटच्या काठावर अंगठा दिसता कामा नये. हातवारे करून बोलणाऱ्याच्या टप्प्यात ग्लास ठेवायचा नाही. जोडपं भांडत असेल तर पाणी हवं का विचारायचं नाही, मुकाट्यानं भरून निघायचं. आणि सगळ्यांत वरचा नियम: सांडायचंच असलं तर आपल्या अंगावर सांडायचं. हातातला बाऊल चालला असं वाटलं की कुणीही माणूस तो आपल्यापासून लांब ढकलतो. वेटरनं मनगट आत वळवायचं. मामाला हे पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या हेड वेटरनं शिकवलं. बाऊल कढत पाण्यानं भरला, मामाच्या हाती दिला, आणि तो चालू लागल्यावर मुद्दाम पाय आडवा घातला. त्या शिकवणीची एक फिकट पट्टी मामाच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत आहे. टेपनं लहानपणी विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, ही माझी पदवी.

असा माणूस सिनेमा कसा बघणार? पडद्यावर नायक-नायिका प्रेमात पडत असतात आणि मामा त्यांच्या मागच्या टेबलाकडे बघत असतो. मग अंधारात त्याची कुजबुज सुरू होते. याचा अंगठा सूपमध्ये बुडालाय. रिकामा ट्रे उचलायला एवढी मान कशाला ताणायची? सिनेमातल्या वेटरला, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, तीनच कामं: पाडणं, चोरून ऐकणं, आणि 'साहेब, आपला फोन' म्हणणं. नुसते वेटर नाहीत. नर्स नाडी अंगठ्यानं बघते, टायपिस्ट कागद न घालताच बडवत बसते, पोस्टमन पत्ता न वाचता दार ठोठावतो. गवंडी विटेला हात लावायच्या आधी गाणं म्हणतो. मामी त्याच्या शेजारी बसायची बंद झाली. ती एक खुर्ची सोडून बसते आणि मधे टेपला बसवते, भिंत म्हणून.

तर गेल्या उन्हाळ्यात सिनेमावाले त्याच दालनात शूटिंग करायला आले. एक रागीट नवरा आणि त्याची बायको जेवायला बसलेत, वेटर सूप आणतो, सूप नवऱ्याच्या कोटावर सांडतं, नवरा भडकतो, एवढाच प्रसंग. दिग्दर्शक तरुण होता, भरभर बोलायचा, आणि वाक्य संपवायच्या आत पुढच्या वाक्यात शिरायचा. मामाबरोबर हॉटेलवर आलेल्या टेपला तो फार आवडला; दोन तासांत तिनं त्याला पोतडीत टाकला. वेटर कोण करणार, असा प्रश्न निघाला तेव्हा आचाऱ्यानं मामाला पुढे ढकललं. दिग्दर्शकानं मामाला नखशिखान्त पाहिलं. ताठ पाठ, तुळतुळीत दाढी, नाकावर चष्मा. तो हळहळून म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तुम्ही वेटर वाटत नाही हो."

स्वयंपाकघरात त्या दिवशी कुणाच्या हातून काम झालं नाही. आचारी तर भांड्यांच्या कपाटाला टेकून हसत राहिला. एकतीस वर्षं पगार फुकट खाल्लास बोक्या, तुला बँकेत पाठवायला हवं होतं. मामाही हसला, पण हसू लवकर आटपलं, कारण मग त्याला सांगण्यात आलं की खरा नट येतोय आणि त्याला दोन दिवसांत तयार करायचं काम मामाचं.

आता मामाची पंचाईत कळून घ्यायला हवी. सूप कोटावर सांडणार, ते त्यांच्याच दालनात, त्यांच्याच घड्याळाखाली. ते घड्याळ गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. म्हणजे लोक म्हणणार, हेच ते हॉटेल, इथे पाहुण्यांवर सूप ओततात. आणि ओतणारा तयार कुणी केला, तर बोक्यानं. मामा दिग्दर्शकाला एकदाच म्हणाला की आमच्याकडे पाहुण्यावर सांडत नाही. दिग्दर्शक म्हणाला, काका, सिनेमा आहे, लोक हसले पाहिजेत. तिथे बोलणं संपलं. पण संध्याकाळी आचाऱ्यानं सगळ्यांसमोर डिवचलं की आता बोक्याचा चेला आपली अब्रू पडद्यावर सांडणार, तेव्हा मामाच्या तोंडून निघून गेलं, "नाही सांडणार. पाहुण्यावर नाही. माझा शब्द."

शब्द त्यानं दिला खरा, पण पाळायचा दुसऱ्यानंच होता. तोंडात तीळ न भिजणाऱ्यांत आचाऱ्याचा पहिला नंबर, त्यामुळे रात्रीचे वेटर, भांडी घासणारे, दारावरचा माणूस, सगळ्यांना दुसऱ्या सकाळपर्यंत कळलं. मामाला निवृत्तीला तीन वर्षं होती. ती तीन वर्षं कशी जाणार हे त्या सूपवर ठरणार होतं.

नट आला. पन्नाशीकडे झुकलेला, रस्त्यात दोनदा भेटला तरी तिसऱ्यांदा ओळख द्यावी लागेल असा चेहरा. त्यानं आपला हिशोब स्वतःच सांगितला: चौदा वेळा चौकीदार, नऊ वेळा ड्रायव्हर, तीन वेळा साक्षीदार आणि एकदा प्रेत. प्रेताच्या कामाबद्दल त्याला सगळ्यांत जास्त शाबासकी मिळाली होती. मामाला तो दादा म्हणू लागला आणि पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं की प्लेट उजव्या हातात असते तेव्हा डावा हात काय करतो. मामाला एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तो जरा गोंधळला. मग प्लेट हातात घेऊन चालून बघितलं आणि म्हणाला, बहुतेक वाट बघतो.

टेपला सुट्टी होती, ती दोन्ही दिवस कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठाण मांडून. नटानं मामाचा आवाज घ्यायचा प्रयत्नच केला नाही याचा तिला भयंकर राग आला. हात दाखवून अवलक्षण ओढवून घेणाऱ्यांतली ती. उठून तिनं नटाला मामा करून दाखवला. मान अर्धा इंच, पापण्या खाली, "सूप गरम आहे, साहेब." नट मनापासून हसला. म्हणाला, आवाज तू आधीच नेलास, आता मला उरलेला मामा घ्यायला लागणार. आणि पुन्हा बाऊल उचलून चालायला लागला. दोन दिवस तो पाण्यानं भरलेला बाऊल घेऊन बावीस टेबलांमधून फिरला. करकरणाऱ्या फळ्या त्यानं पहिल्या तासात पाठ केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मामानं पाय आडवा घातला. पाणी नटाच्या छातीवर उडालं, पण बरंचसं समोरच्या खुर्चीवरही. दुसऱ्यांदा खुर्चीवर थोडं. सहाव्यांदा खुर्ची कोरडी राहिली. मामानं त्याला टॉवेल दिला आणि आपली बाही वर करून ती पट्टी दाखवली. मग चाचरत विचारलं, उद्या काय करणार?

"दिग्दर्शक सांगेल ते, दादा," नट म्हणाला. "पण मनगट माझं आहे."

हे वचन होतं की नुसतं बोलणं, ते मामाला कळलं नाही. त्या रात्री जेवताना टेपनं नटाची टर उडवली. चालतो बरा, पण माणूस कुठाय त्यात? पडद्यावर तो चुकणार, चुकला की मी भर सिनेमागृहात मोठ्यानं 'चूक' म्हणणार. मामानं ताटातून मान वर केली. पैज लावतेस का, म्हणाला. तिनं चूक पकडली तर मामानं इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांसमोर टेपची नक्कल करायची, आईशी भांडतानाची, हातवाऱ्यांसकट. आणि एकही चूक नाही सापडली तर टेपनं महिनाभर रात्रीचं जेवण वाढायचं, वाढताना तोंडातून अवाक्षर न काढता. आई आणि मामी साक्षीला राहिल्या. मामीनं तर हात जोडून देवाकडे बघितलं, महिनाभर शांतता मिळणार म्हणून.

शूटिंगच्या दिवशी दालनाचं दार आतून बंद. मामा, आचारी आणि बाकीचे स्वयंपाकघरात कान टवकारून उभे. आतून दिग्दर्शकाचा आवाज आला, मग शांतता, मग पुन्हा आवाज, चढलेला. सात वेळा असं झालं. सातव्यांदा शांतता बराच वेळ टिकली. मग सामान हलवण्याचा गोंधळ सुरू झाला आणि नट मागच्या दारानं कपडे बदलून गाडीकडे जाताना दिसला. उजव्या हातात बॅग होती, डाव्या हातानं त्यानं मामाला रामराम केला. गाडी गेली. सूप कुणावर सांडलं, हे नऊ महिने कुणालाच कळलं नाही. आचाऱ्यानं त्या नऊ महिन्यांत एक दिवस वाया घालवला नाही. सूपचं पातेलं उतरवलं की तो ओरडायचा, "बोक्या, छत्री आणलीस का?"

सिनेमा लागला. हॉटेलला सोमवारी सुट्टी असते, म्हणून सोमवारचा दुपारचा खेळ. अख्खं स्वयंपाकघर एका रांगेत बसलं. मधोमध मामा, त्याच्या एका बाजूला आचारी आणि दुसऱ्या बाजूला टेप, तिच्यापलीकडे मामी. मामानं तोच कामावरचा कोट घातला होता, दोन नव्या बटणांचा. घड्याळ पडद्यावर दिसलं तेव्हा रांगेत खुसखुस झाली आणि आचाऱ्यानं घसा साफ करून टोमणा तयार ठेवला. टेप खुर्चीच्या टोकावर आली. 'चूक' हा शब्द तिनं जिभेवर आणून ठेवला होता. तिची नजर नवऱ्याच्या कोटावर खिळली, करड्या रंगाचा, अगदी सूप सांडावं असाच कोट.

नवरा बोलत होता. बायको ऐकत होती. बायकोनं एक वाक्य म्हटलं, नवऱ्याचा हात तावातावानं वर गेला, तो आणखी मोठ्यानं बोलायला लागला. बायको क्षणभर भलतीकडेच बघत राहिली. मग तिनं रुमाल घडी करून टेबलावर ठेवला आणि ती उठली. पुढचं दृश्य रस्त्यावरचं. नवरा तिच्या मागून चालतोय. कोट कोरडा.

लोक हसले नाहीत. हसण्यासारखं काही झालंच नव्हतं. टेप मामाकडे झुकून म्हणाली, "मामा, सूप कधी येणार?"

मामा रडत होता. आवाज न करता, अर्थात. इमारत म्हणते तसं ढसाढसा वगैरे नाही. चष्मा काढून हातात धरला होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. पलीकडे आचारी तोंड उघडं टाकून पडद्याकडे बघत होता. त्याच्या घशातला टोमणा तिथेच राहिला होता. मग त्यानं आपला पंजा मामाच्या खांद्यावर ठेवला आणि सिनेमा संपेपर्यंत काढला नाही.

बाहेर आल्यावर टेप अडून बसली. सूप आलंच नाही, प्रसंग कापला, पैज रद्द. इमारतीतल्या अफवेचं मूळ बहुतेक इथेच आहे, कारण 'कापला' हे ती जिन्यात मोठ्यानं म्हणाली होती. मामानं वाद घातला नाही. म्हणाला, पुढच्या सोमवारी परत जाऊ. या वेळी कोटाकडे बघू नकोस.

पुढच्या सोमवारी दोघंच गेले. टेपनं या खेपेला पडद्याचा डावा कोपरा धरून ठेवला. नवऱ्याचा हात तावातावानं वर जातो, त्याच वेळी कोपऱ्यातून वेटर आलेला असतो. कधी आला कळत नाही. हात बाऊलला लागतो. बाऊल कलतो. मनगट आत वळतं आणि सगळं सूप, वाफाळतं, वेटरच्या स्वतःच्या बाहीत जातं. चेहऱ्यावर काही नाही. उजवा हात पुढे येतो, नवऱ्याच्या कोपरापासचा ग्लास चार बोटं पलीकडे सरकवतो. मग वेटर जातो. सगळं मिळून चार सेकंदं. नवऱ्याला पत्ताच नाही. बायको मात्र त्या भिजलेल्या बाहीकडे बघत राहते, आणि रुमाल ठेवून उठते ती तेवढ्यासाठी. अख्खा सिनेमा त्या चार सेकंदांवरून वळलेला, आणि तिकीट काढून समोर बसलेली टेप करड्या कोटाकडे बघत बसली होती. शेवटी नावं आली. नटाचं नाव खालून तिसरं होतं, वाचेवाचेस्तोवर वर निघून गेलं.

चालत घरी येताना मामा आपणहून बोलला, हे क्वचित घडतं.

"मनगट मी शिकवलं. ते नव्हतं गं रडण्यासारखं. पण त्यानं आधी ग्लास सरकवला. हात भाजलेला असताना आधी ग्लास. ते मी शिकवलेलंच नाही त्याला."

"मग त्याला कसं कळलं?"

"तू घरी गेल्यावर विचार तुझ्या मामीला, मी काय करतो ते."

मामीला विचारायची वेळ आली नाही. त्या रात्री जेवताना आई हातवारे करून इमारतीची काहीतरी तक्रार सांगत होती आणि मामानं, पोळी खाता खाता, तिच्या कोपराजवळचा ग्लास चार बोटं पलीकडे सरकवला. बघितलंसुद्धा नाही. तो हे रोज करतो. टेप सात वर्षं त्याची नक्कल करत होती, रोज समोर बसून, आणि तिच्या पोतडीत होतं काय, तर "सूप गरम आहे, साहेब." तीन दिवसांच्या पाहुण्यानं उरलेला मामा उचलून नेला होता.

एकही चूक सापडली नाही. चूक सोडा, माणूसच सापडायला दोन तिकिटं लागली. टेप पैज हरली, आणि आई-मामी साक्षीला असल्यानं पळवाट नव्हती. तेव्हापासून ती रोज वाढते. तोंड बंद. आत काकू, मास्तर, दिग्दर्शक आणि आचारी धक्काबुक्की करत असतात, पण बाहेर यायला बंदी. बोलायची बंदी झाली की माणूस लिहायला लागतो, त्यातलंच हे.

तिसऱ्या रात्री ती पाण्याचा जग घेऊन आली, पाठ ताठ, अंगठा आत, घरात नसलेल्या करकरत्या फळ्यासुद्धा चुकवून. मामानं टेबलाखालून पाय आडवा घातला. जग चालला असं वाटताच टेपनं तो आपल्यापासून लांब ढकलला, आणि गार पाणी सगळं मामीच्या मांडीवर गेलं. मामी जे काही बोलली ते नक्कल करण्याजोगं होतं. टेपला अवाक्षर काढता येईना.

मामानं आधी मामीचा ग्लास पलीकडे सरकवला. मग टॉवेल दिला.

"अजून सत्तावीस दिवस," तो म्हणाला.